माहेरचं बदक

उस्ताज वहबींनी पहिली बारा अंडी साबणाने धुतली आणि फ्रिजमध्ये ठेवली. या कृत्याला ते एकटे जबाबदार नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. साबण तळमजल्यावरच्या उम्म हिशामने सुचवला होता आणि फ्रिज तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअर नशअत यांनी. वहबींचं स्वतःचं योगदान एवढंच, की त्यांनी प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख आणि अनुक्रमांक घातला होता. दुमयातच्या नगरपालिकेत ज्याने जन्मनोंदणीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली, त्याच्याकडून याहून कमी काय अपेक्षा करणार?

अंड्यांची गरज पडली ती इब्तिसाममुळे. वहबींची ही एकुलती एक मुलगी. लग्न होऊन नाईलच्या पलीकडच्या काठावर गेलेली, आणि आता तिला तिसरा महिना लागला होता. पोर बाळंत झाली की माहेरून बदकं जायची. तिने आधी रस्सा प्यायचा, आणि सातव्या दिवशी बारसं असल्यासारखा गोतावळा जमला की कांदा भरून भाजलेली बदकं मधोमध ठेवायची. हे सगळं बघायचं काम आईचं. पण सनिय्या दोन वर्षांपूर्वी गेली होती.

गोड बातमी सांगायला सगळे जमले तेव्हा विहीणबाईंनी, म्हणजे हाज्जा इन्साफ यांनी, चहाचा पेला वहबींच्या हातात देत अगदी मायेने म्हटलं, "आता पोरीला बिचारीला आई नाही. तेव्हा बदकांचं आमचं आम्हीच बघू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं, उस्ताज."

वहबींनी मनाला लावून घेतलं.

"हाज्जा," ते पेला खाली ठेवत म्हणाले, "माझ्या मुलीच्या सातव्या दिवशी तिच्या आईच्या बदकांची पिल्लं येतील. बाजारातली नाहीत. माझ्या गच्चीवरची."

खोलीत आठ माणसं होती. आठही जणांनी ऐकलं.

आता, गच्चीवर सनिय्याची चार पांढरी बदकं होती, मग तीच का नाही कापली, असा प्रश्न कुणालाही पडेल. उम्म हिशामलाही पडला होता. वहबींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. ती चारही सनिय्याने हाताने भरवून वाढवलेली होती. त्यांची अंडी घेणं वेगळं आणि त्यांची मान धरणं वेगळं.

हिशोब सोपा होता. अंड्यातून पिल्लू निघायला अठ्ठावीस दिवस, पिल्लाचं ताटात शोभेल असं बदक व्हायला अडीच-तीन महिने. जानेवारी चालू होता, बाळंतपण जुलैअखेर. वेळ भरपूर होता. सरकारी कामात वेळ भरपूर असला की काय होतं, हे वहबींना माहीत असायला हवं होतं.

बारा धुतलेली, गारठलेली, क्रमांकित अंडी टोपलीत घेऊन ते गावाबाहेरच्या मुअल्लिम दसूकीच्या भट्टीवर गेले. अंडी उबवायची ही भट्टी म्हणजे मातीच्या विटांच्या दोन मजली खोल्या. खाली धग, वर हजारो अंडी, आणि मध्ये लुंगी खोचून सरपटत फिरणारा दसूकी. त्याच्या घराण्यात थर्मामीटर कधी शिरला नव्हता. अंडं उचलायचं, मिटलेल्या पापणीवर टेकवायचं, आणि काय ते सांगायचं.

त्याने वहबींचं सात नंबरचं अंडं पापणीवर टेकवलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"हे फ्रिजमधून आलंय."

"हो. सुरक्षित राहावं म्हणून."

दसूकीने अंडं हुंगलं. "आणि आंघोळही झालीय. ऑलिव्हचा साबण."

"विष्ठेने फार बरबटलं होतं."

"उस्ताज, अंड्याला अंगचं एक पांघरूण असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण असतं. तुम्ही ते घासून काढलंत, आणि मग त्याला उघडं करून थंडीत बसवलंत." त्याने अंडं अदबीने टोपलीत परत ठेवलं. "तुमच्याशी कुणी असं वागलं, तर तुम्ही पिल्लू द्याल का?"

वहबींनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाले.

मग दसूकीने नियम सांगितले आणि वहबींनी ते वहीत उतरवून घेतले. धुवायचं नाही, घाण असेल तर वाळल्यावर कोरड्या फडक्याने टिपायची. तडा गेलेलं घ्यायचं नाही. टोकदार बाजू खाली. रोज थोडं कलतं करायचं, एकदा इकडे, एकदा तिकडे. जागा गार हवी, पण बोटं आखडतील इतकी नको. उबदार तर अजिबात नको, नाहीतर आतलं जागं होतं आणि मग अर्ध्यात मरतं. आणि सात दिवसांच्या आत भट्टीवर.

"आठव्या दिवशी आणलं तर?"

"आठव्या दिवशी आणा, पण मग माझ्याशी वाद घालू नका."

घरी येऊन वहबींनी थर्मामीटर घेऊन सगळ्या खोल्यांची पाहणी केली. स्वयंपाकघर उबदार. झोपायच्या खोलीत दुपारचं ऊन. न्हाणीघरात वारा. अख्ख्या घरात अंड्याला मानवेल अशी एकच जागा निघाली: दिवाणखाना. तिथे सोनेरी वेलबुट्टीच्या खुर्च्या, मखमली कोच आणि संगमरवरी टेबल असा संच होता. दुमयातच्या घरांत असतो तसाच, पाहुणा आल्याशिवाय न उघडणारा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, तापमान सोळा. सनिय्याने या कोचावर स्वतःच्या भावालाही सहज बसू दिलं नव्हतं. त्या कोचावर आता भुश्श्याने भरलेल्या तीन पेट्या विराजमान झाल्या.

याचा एक परिणाम वहबींच्या ध्यानात आला नव्हता. त्या आठवड्यात जो कुणी भेटायला आला त्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसावं लागलं. इंजिनिअर नशअत यांना हा अपमान वाटला.

"वहबी, मी काय रस्त्यावरचा माणूस आहे?"

"नाही हो, नशअतसाहेब. आत अंडी आहेत."

"अंडी दिवाणखान्यात आणि मी चुलीपाशी?"

"तुम्ही उबदार आहात," वहबी म्हणाले. "तुम्ही आत बसलात तर तापमान वाढेल."

नशअत हे लिफ्टचे इंजिनिअर होते, पण आमच्याकडे एकदा माणूस इंजिनिअर झाला की त्याचा सल्ला सगळ्यांना लागू होतो. ते रागावले तरी सल्ला देऊन गेले, की अंड्यांना मंद आवाजात रेडिओ ऐकवावा. हा सल्ला वहबींनी मानला नाही. माणूस चुकांतून शिकतो तो असा.

सहाव्या दिवशी चौदा अंडी भट्टीवर पोचली. दसूकीने पापणीला लावून मान डोलावली. "आता कशी! झोपलेली आहेत, पण नीट." वहबींना निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या प्रशस्तिपत्राने झाला नव्हता तेवढा आनंद झाला.

आठवड्याने ते पुन्हा गेले. दसूकीने अंधाऱ्या कोनाड्यात एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसायला हवं होतं. पहिलं अंडं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. चौदावंही स्वच्छ.

"ठेवलीत उत्तम," दसूकी म्हणाला. "पण यांच्यात कुणी नव्हतंच. नर आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की! दीड वर्षापूर्वी मी स्वतः बाजारातून निवडून आणला." वहबींच्या आवाजात अभिमान आला. "मोठा भारदस्त आहे. सगळे त्याला मुदीर म्हणतात."

मुदीर म्हणजे कचेरीतला मोठा साहेब, आणि नाव अगदी शोभत होतं. तो छाती काढून गच्चीवर फिरे, दर सकाळी चारही बदकांची एकामागून एक कसून पाहणी करी, आणि काम संपल्यावर टाकीच्या सावलीत डोळे मिटून उभा राही.

"रंग?"

"पांढरा. डोक्यावर काळी टोपी."

"आवाज?"

"आवाज असा नाही. फुस्स करतो."

दसूकीने दिवा खाली ठेवला. "उस्ताज, तो मुलार आहे. बाप सुदानी बदक, आई पांढरी. बदकांतलं खेचर. अंगाने दांडगा, मांसाला चांगला, हौसही सगळी असते. पण त्याच्याकडून मूल होत नाही."

"पण तो रोज…"

"रोज करील. पाहणी करायला काय लागतं?"

वहबी भिंतीला टेकून बसले. वीस-पंचवीस साहेबांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटण्यासारखं खरं तर काही नव्हतं. पण यावेळी साहेब त्यांनी स्वतः निवडून नेमला होता.

दसूकीला दया आली. "माझी दहा पिल्लं घेऊन जा. गच्चीवर सोडा. पांढरं पिल्लू ते पांढरं पिल्लू. कोण विचारणार?"

उम्म हिशामनेही तेच सांगितलं. इंजिनिअर नशअत यांनी तर दोन रात्री स्वतः तपासून पाहिल्यासारखं ठासून सांगितलं, की कुणालाही कळणार नाही. पण ज्या माणसाने एकतीस वर्षांत कुणाच्या भाच्याची जन्मतारीख शाळाप्रवेशासाठी एक दिवससुद्धा मागेपुढे केली नव्हती, तो आता पिल्लांची खोटी नोंद करणार होता की काय?

"मला खरा नर हवा आहे," वहबी म्हणाले. "कुठे मिळेल?"

"सणात सगळ्यांनी कापले. राहिलाय तो एकच, त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. माझ्या भट्टीतल्या अर्ध्या पिल्लांचा बाप तो." दसूकी जरा घुटमळला. "पलीकडच्या काठावर. हाज्जा इन्साफकडे."

तीन दिवस वहबी गेले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी दाढी केली, कोट घातला, किलोभर बसबूसा, म्हणजे रव्याची मिठाई, बांधून घेतली आणि नदी ओलांडली.

हाज्जा इन्साफ अंगणात बसून मुलूखियाची भाजी निवडत होत्या. वहबींनी हवामानाची चौकशी केली. मग गुडघ्यांची. मग मक्क्याला गेलेल्या मावसबहिणीची. हाज्जांनी पानं निवडणं थांबवलं नाही.

"उस्ताज, कोट घालून आलात. काय हवंय?"

"तुमचा नर."

"काय?"

"बदकाचा. पंधरा दिवसांसाठी. मी स्वतः परत आणून देईन."

हाज्जांनी पानं बाजूला ठेवली. "तुमच्याकडे नर नाही?"

"आहे. पण त्याची… त्याची नेमणूक चुकीची झाली."

"म्हणजे?"

वहबींनी म्हणजे काय ते सांगितलं. खालच्या आवाजात सांगितलं, पण त्याचा उपयोग झाला नाही, कारण हाज्जांनी लगेच घराच्या दिशेने तोंड करून हाक मारली. "फारिस! बाहेर ये! तुझ्या सासऱ्यांनी दीड वर्ष खेचर पाळलं आणि त्याच्याकडून नातवंडांची वाट बघितली!"

जावई बाहेर आला, सासऱ्यांचा चेहरा बघितला आणि जावयाला शोभेल असा तत्काळ आत गेला. इब्तिसाम मात्र दारात थांबली. पोटावर हात ठेवून, ओठ दाबून हसू आवरत.

"बाबा, जाऊ दे ना बदकं," ती म्हणाली. "मी कोंबडीचा रस्सा पिईन."

"कोंबडीचा तुझ्या आईने कुणाला पाजला नाही," वहबी म्हणाले.

हाज्जांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्या उठल्या, नर धरून आणला, तराजूत घातला, आणि वजन खडूने दारावर लिहिलं. "एवढाच परत यायला हवा. आमच्याकडे तो मका खातो, शिळी भाकरी नाही. आणि एक ध्यानात ठेवा. माहेरची बदकं म्हणून तुम्ही जे आणाल, त्यांचा बाप आमच्याकडचा असेल."

"आई आमच्याकडची," वहबी म्हणाले.

"बघू ना सातव्या दिवशी."

पण नर नुसता काखेत मारून नदी ओलांडता येत नव्हता. पक्ष्यांची साथ येऊन गेल्यापासून एका भागातलं पाखरू दुसऱ्या भागात न्यायचं तर परवाना लागे. निदान नियमात तसं होतं. तो घेणारा माणूस गेल्या कित्येक वर्षांत पशुवैद्यकीय दवाखान्यात आला नव्हता, म्हणून वहबींना पाहून तिथल्या डॉक्टर रीहाम यांना आधी वाटलं की ते पत्ता चुकले.

अर्जात एक रकाना होता: नेण्याचं प्रयोजन. पुढे तीन चौकोन. कत्तल, विक्री, लसीकरण.

"यातलं एकही नाही," वहबी म्हणाले.

"कत्तलीवर खूण करा, काका. सगळे तेच करतात."

"डॉक्टर, हा माझ्या विहीणबाईंचा नर आहे. त्याच्या नावापुढे मी कत्तल लिहू? उद्या त्याला खरंच काही झालं तर हा कागद माझ्याविरुद्ध पुरावा ठरेल."

"मग विक्री?"

"तो विकत नाहीत. उसना दिलाय."

"काका, तुम्ही त्याला नेणार कशासाठी?"

वहबींनी मागे रांगेत उभ्या असलेल्या, गाढवाची शेपटी धरून ऐकणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहिलं, पुढे वाकले, आणि सांगितलं. डॉक्टर रीहाम यांनी बराच वेळ टेबलाच्या खणात काहीतरी शोधलं. वर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा सरकारी होता. चौथा चौकोन काढायचा तर वरिष्ठांची मंजुरी लागणार होती. मालकिणीची सही लागणार होती. नराची तपासणी लागणार होती. वहबींना यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट एवढ्या दिवसांनी एखादं काम रीतसर होताना पाहून त्यांना बरंच वाटलं. चार दिवसांत, तीन शिक्क्यांचा कागद हातात आला: "एक नर बदक, पांढरा, प्रकृतीने सुदृढ, कौटुंबिक कारणास्तव पंधरा दिवस मुक्काम."

सुदृढ हा शब्द वहबींनी दोनदा वाचला. निवृत्तीच्या तपासणीत त्यांना स्वतःला डॉक्टरांनी फक्त "ठीक" म्हटलं होतं.

गच्चीवर पहिल्या दिवशी मुदीरने पाहुण्याच्या अंगावर जाऊन बघितलं आणि पिसं गमावली. त्याची बदली नशअत यांच्या वाट्याच्या कोपऱ्यात झाली. पाहुणा मात्र नुसताच उभा. दोन दिवस त्याने कुणाकडे बघितलंही नाही. वहबी मका घेऊन मागे, तो पुढे. सल्ले पुन्हा सुरू झाले. नशअत म्हणाले, त्याला एकांत हवा. शेवटी उम्म हिशामनेच विचारलं, "पाण्यात पोहायला मिळतंय का त्याला? नदीकाठचा आहे तो." साबणाचा सल्ला तिचाच होता, त्यामुळे वहबी कचरले, पण सनिय्याचं कपडे धुवायचं भलंमोठं तांब्याचं घंगाळ चार मजले चढवून त्यांनी गच्चीवर नेलं आणि काठोकाठ भरलं. बदकं एकेक करून आत शिरली. पाहुणाही शिरला. वहबी सभ्यपणे पाठ फिरवून नदीकडे बघत उभे राहिले.

आणखी एक आठवडा जाऊ देऊन त्यांनी अंडी गोळा करायला घेतली. कोरडं फडकं, टोक खाली, रोज कलतं करणं, दिवाणखाना सोळा अंश. या खेपेला नशअतही स्टुलावर मुकाट बसले, आणि बसल्या बसल्या खालच्या आवाजात बोलले. पंधरा अंडी भट्टीवर गेली. सातव्या दिवशी दसूकीने पहिलं अंडं दिव्यासमोर धरलं आणि वहबींना जवळ ओढलं. आत एक लाल ठिपका होता, त्यातून केसाएवढ्या शिरा फुटल्या होत्या, आणि ठिपका हलत होता. पंधरांपैकी अकरा तशी. अकरांतून नऊ पिल्लं निघाली. भट्टीचा रिवाज म्हणून तिसरा वाटा दसूकीचा, राहिली सहा. एक घारीने नेलं.

नर ठरलेल्या दिवशी परत गेला. हाज्जांनी वजन केलं. शंभर ग्रॅम जास्त भरला. दारावरचा खडू त्यांनी स्वतः पुसला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इब्तिसामला मुलगी झाली. पाच बदकं तोवर तयार झाली होती. वहबी स्वतः दाढी करून घ्यायला न्हाव्याकडे गेले आणि तिथे गरजेपेक्षा दीड तास जास्त बसले. तेवढ्यात उम्म हिशामने जे करायचं ते केलं. पहिल्या दोन दिवसांत दोन बदकांचा रस्सा गेला. सातव्या दिवशी तीन, कांदा भरून, भाजून, पितळी परातीत.

घर माणसांनी भरलं होतं. बाळ रिवाजाप्रमाणे चाळणीत निजवलेलं होतं आणि बायका त्याच्याभोवती वाकून वाटणी करत होत्या. कपाळ आत्याचं. नाक आजोबांचं, म्हणजे हाज्जांच्या नवऱ्याचं. बोटं फारिसची. कान हाज्जांच्या वडिलांचे, आणि ते तर हयातही नव्हते. शिंकलीसुद्धा ती म्हणे आमच्यासारखी, असं हाज्जांच्या बहिणीने जाहीर केलं. कोपऱ्यात सोनेरी खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या वहबींना हे सगळं ऐकू येत होतं. इब्तिसाम त्यांच्याकडे बघत होती. तिच्या बाजूने बोलायला त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

परात आली. सगळे "माशाल्ला" म्हणाले. हाज्जांनी पहिला तुकडा तोडला, चाखला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खा, खा, परकं समजू नका. बाप आमच्याकडचाच आहे!"

खोली हसली. परवान्याची, खेचराची, कोटाची, सगळी कथा तिथे आधीच पोचली होती. फारिसलाही हसू आवरलं नाही.

वहबी उठले. ते रागावले नव्हते. टेबलासमोर कागद अपुरा घेऊन आलेल्या माणसाशी ते जसे बोलायचे, तसेच ते बोलले.

"हाज्जा, एक शंका आहे. नोंद नीट व्हावी म्हणून विचारतो. ही बदकं कुणाकडची?"

"सांगितलं ना. बाप आमचा, बदकं आमची."

"ठीक. म्हणजे माहेरहून काहीच आलं नाही. मग आज पोरीचं माहेरचं ताट झालंच नाही. ते अपुरं राहिलं, असं मी समजू का?"

हसणं थांबलं. सातव्या दिवशी बाळंतिणीचं ताट अपुरं राहिलं, असं स्वतःच्या घरात, स्वतःच्या चाळीस नातेवाइकांसमोर कुठली सासू म्हणेल?

"असं कुठे म्हटलं मी?" हाज्जा म्हणाल्या. "अंडी तुमचीच. ती जपलीत तुम्ही. वाढवलीत तुम्ही. बदकं माहेरचीच आहेत."

"म्हणजे बाप तुमच्याकडचा असला, तरी आईकडचं धरायचं."

"धरायचं."

"बदकांत."

हाज्जा त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं. खोलीतल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. हाज्जांनी हात पुसले, चाळणीपाशी गेल्या, आणि भाव ठरवायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं बाळाला नीट न्याहाळलं. कपाळ बघितलं, ते सोडलं नाही. नाक बघितलं, तेही सोडलं नाही. मग बोटाने बाळाचं तोंड जरासं वर केलं.

"हनुवटी," त्या शेवटी म्हणाल्या. "हनुवटी सनिय्याची आहे."

"आणि कान?" वहबींनी विचारलं.

"कान नाही मिळणार, उस्ताज. बसा आता, जेवा."

वहबी बसले. पण ताट पुढे आलं तरी त्यांनी हात लावला नाही. इब्तिसामने बाळ चाळणीतून उचलून त्यांच्या मांडीवर दिलं होतं, आणि ते हनुवटी तपासून बघत होते.